मंदाकिनी हे नाव

सिहोऱ्याचे यादोराव बोरकर सतरा वर्षं नौदलाच्या ‘मंदाकिनी’ या युद्धनौकेवर स्वयंपाकी होते. पहिल्या मुलीचं नाव त्यांनी हौसेनं तेच ठेवलं. चौथ्या वर्षी ती तापानं गेली, तेव्हा ते समुद्रावर होते. अकाली गेलेल्या लेकराचं नाव त्यांच्या घरात पुन्हा कुणाला ठेवत नाहीत. त्यांच्या पत्नी पार्वताबाईंनी तर ते उच्चारणंही सोडलं.

नौदलाची रीत उलटी. जुनी नौका मोडीत निघाली, की तिचं नाव पुढं नव्या नौकेला देतात, बोधचिन्हासकट. २००९च्या पावसाळ्यात पत्र आलं. नवी ‘मंदाकिनी’ ताफ्यात दाखल होणार होती आणि जुन्या नौकेवरच्या माणसांना सोहळ्याचं बोलावणं होतं.

“ऐन धानाच्या रोवणीत काहून जाता जी एवढ्या दूर?” पार्वताबाई म्हणाल्या. “साहेबाले तुमच्या हातचं वरण आठवून राहिलं का?”

यादोराव हसले नाहीत. “तिथं तिचं नाव मोठ्यानं घेतात. मले आयकाचं हाये.”

पार्वताबाई बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिल्या.

“दोन तिकिटं काढा,” मग त्या म्हणाल्या. “मलेबी आयकाचं हाये.”