मोकळं सारवण

चित्रकलेची पदवी माझी, आणि इटलीचं तिकीट आलं शेजारच्या मुक्ताबाईंना. मला नेलं ते दुभाषी म्हणून. शिर्डीकडच्या बेलापूरच्या शाळेत वीस वर्षं मुलांना रंग कालवायला शिकवणाऱ्या बाईला हे किती झोंबलं, ते मी कशाला लपवू.

झालं होतं असं. आदल्या वर्षी इलारिया नावाची एक इटालियन कलाकार शिर्डीहून येताना गाडी पंक्चर झाली म्हणून मुक्ताबाईंच्या गोठ्याशेजारच्या ओट्यावर तासभर बसली. घरात भागवतने, म्हणजे त्यांच्या मुलाने, केव्हाच फरशी बसवलेली. सारवण उरलं होतं ते त्या ओट्यापुरतं. इलारियाने त्यावर तळहात फिरवला, वाकून वास घेतला आणि मला मध्ये बसवून बाईंना नाही नाही ते प्रश्न विचारले. मग तिचं पत्र आलं. मिलानजवळ एका जुन्या व्हिलात आजच्या कलाकारांच्या कामांचा संग्रह आहे, तिथली एक खोली मला मिळाली आहे, ती तुम्ही येऊन सारवाल का? सत्तरीच्या मुक्ताबाई म्हणाल्या, बघू तरी त्यांच्या गायी कशा हायत.

व्हिला तीनशे वर्षांपूर्वीचा, कुणा उमरावाचा. मागे टेकडीभर बाग, कात्रीने कापून केलेल्या झाडांच्या भिंती, कारंजी. मुक्ताबाईंनी पहिल्याच दिवशी सगळी बाग पायांखाली घातली, आणि एवढ्या जागेत मेथीचा एक वाफा नाही याचं त्यांना रात्री जेवेपर्यंत नवल वाटत राहिलं. आत छताला सोनेरी वेलबुट्टी. पण एका दालनात नुसती जांभळ्या उजेडाची नळी, तर दुसऱ्यात माणसापेक्षा उंच चित्र, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकच तांबडा रंग. यावर मी एक छोटं भाषण तयार ठेवलं होतं. मुक्ताबाई चित्राच्या कडेला गेल्या, एक डोळा मिटून तिरकं बघितलं आणि म्हणाल्या, "यानं हात कुठं उचलला, ते दिसंना." माझं भाषण तिथेच संपलं. माझ्या पदवीने मला असं बघायला कधी शिकवलं नव्हतं.

पहिला थर वाळला आणि भेगाळला. तिथल्या गायी मका आणि पेंड खाऊन पातळ शेण टाकतात, त्याला चिकटपणा नाही. मुक्ताबाईंनी माझ्या आणि इलारियाच्या तोंडून गावभर चौकशी करवली, तेव्हा टेकडीवर नुसत्या गवतावर गायी पाळणारा एक म्हातारा सापडला. इलारिया स्वतः बादल्या भरून आणू लागली. आठ दिवस दोघी गुडघ्यांवर बसून माती-शेण कालवत होत्या. नवव्या दिवशी जमीन अशी जमली, की तिच्यावर खिडकीतून ऊन आलं की डोळे निवत.

मग मुक्ताबाईंनी पिशवीतून रांगोळीची पुडी काढली, आणि इलारिया धावत आली. जमीन तिला मोकळीच हवी होती. संग्रहाच्या पुस्तिकेत तसं छापूनही झालं होतं. मुक्ताबाईंनी पुडी काही खाली ठेवली नाही. आपल्याकडे सारवलं की उंबऱ्याशी रांगोळीची चार बोटं ओढतातच. घरातलं माणूस गेलं, तरच सारवून तसंच मोकळं सोडतात.

"असं मोकळं सारवान मी एकदाच केलंय," त्या मला म्हणाल्या. "ह्यांना न्हेलं त्या दिवशी. तेराव्याला परत सारवून रांगुळी घालायची असती. पर पाव्हणे यायचे म्हनून भागवतनं त्याआधीच फरशी बसवली. माझं ते सारवान अजून तसंच हाय, फरशीखाली. आता दुसरं तसं करायचं न्हाई मला. हिला इचार, हिच्यात कोन गेलंय का. गेलं आसंल तरच मोकळं ठिवते."

असं कुणाला तोंडावर विचारतात का? मी इलारियाला इंग्रजीत एवढंच विचारलं, की काम पूर्ण झालं ना. मुक्ताबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मी येवढं थोडं बोल्ले नव्हते, जया."

वर्गात मी पोरांना पकडते तशी पकडली गेले. मग सगळं सांगितलं, फरशीसकट.

इलारिया उंबऱ्यावरच बसली. तिची आई कोरोनात गेली होती. दवाखान्यातून परस्पर नेली. ना घरी आणली, ना हिला शेवटचं पाहू दिलं. पुढे घरही विकलं गेलं. आईसाठी एक रिकामी खोली करावी एवढंच तिच्या मनात होतं, पण हे तिने पुस्तिकेत लिहिलं नव्हतं आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. ते मी मराठीत सांगितलं, या वेळी एक शब्दही न गाळता.

मुक्ताबाईंनी पुडी तिच्या हातात दिली आणि वरून तिची बोटं मिटवली. "मोकळंच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तेराव्या दिशी पातळ हात फिरव, मंग चार बोटं वढ. तूच वढ." रांगोळीचं कळल्यावर संग्रहाच्या संचालकांनी पुस्तिकेची आठवण करून दिली तेव्हा इलारिया म्हणाली, पुस्तिका चुकली तर चुकू दे.

आम्ही परत आलो. मुक्ताबाई दिवस मोजत होत्या, आणि तेराव्या दिवशी सकाळपासून माझ्या दारात त्यांच्या तीन खेपा झाल्या. दुपारी फोनवर फोटो आला. उंबऱ्याशी चार पांढऱ्या रेघा, कुठे जाड, कुठे बारीक, शेवटाला जरा वाकड्या. त्यांनी फोटो मोठा करायला लावला, एकेक रेघ निरखली, हात अजून कच्चा आहे म्हणाल्या. मग बराच वेळ माझा फोन पदराने पुसत राहिल्या. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"हिच्या आईचं झालं," त्या म्हणाल्या. "आन् ह्यांचंबी."