तवंदीच्या घाटातले पत्रे

युद्धामुळं पेट्रोल मिळेना, तेव्हा आमची बेळगाव-निपाणी मोटार लोणारी कोळशाच्या वायूवर चालू लागली. मागं भट्टी आणि तिथून पुढं आलेली लोखंडी नळी, ती इंजिनाच्या पुढ्यात आडवी वळवलेली. वायू तापलेलाच इंजिनात जाई आणि गरम वायूवर इंजिनाला जोर येत नसे. निपाणीहून परतताना तवंदीच्या घाटात मी रोज उतारूंना खाली उतरवून मोटार ढकलायला लावी आणि त्यांच्या शिव्या खाई. अखेर मालकांनी बजावलं, सोमवारी भरलेली मोटार घाट चढली नाही तर ती शेडात लागेल आणि तू घरी बसशील. मला तर मोटार हाकण्यापलीकडं काही येत नव्हतं.

वायू वाटेतच निवावा म्हणून मी शहाणपणा करून नळीवर जाड लोखंडी पट्ट्या बसवल्या, मावतील तितक्या, खेटून. मोटार जड झाली, वायू होता तसाच गरम. आगीतून फुफाट्यात!

शेवटी बेळगावातच, खासबागेत थोरल्या बहिणीकडं गेलो. नवरा गेल्यावर त्याचं पत्र्याचं दुकान आक्का एकटीच चालवायची. डबे, चिमण्या, नरसाळी करायची. तिनं पट्ट्यांच्या फटीत बोट घालून पाहिलं. ते शिरेना.

"वाऱ्यानं जायचं कुठनं रं?" ती म्हणाली.

तिनं पट्ट्या काढल्या आणि रॉकेलचे रिकामे डबे कापून पातळ चकत्या केल्या. त्या बोटभर अंतर सोडून नळीवर ओवल्या. कथलाचा डाग दिला तर तो उष्णतेनं वितळेल, म्हणून भोकाची कड दुमडून नळीवर घट्ट ठोकली. कड चिकटली नाही तर नळीची धग पत्र्यात उतरणार कशी? एकेक चकती तिनं तीनतीनदा बसवली. असलं नेटकं काम मी नंतर कुठल्या मोठ्या कारखान्यातही पाहिलं नाही.

सोमवारी आक्का माझ्या शेजारीच बसली होती. घाट लागताच उतारू सवयीनं धोतरं सावरून उठले. मी त्यांना बसायला सांगितलं. मोटार कण्हत, धापा टाकत, पण न थांबता माथ्यावर आली. खाली कुणीच उतरलं नाही.

माझे डोळे भरून आले. आक्काच्या पाया पडावं म्हणून खाली उतरलो, तर ती आधीच पुढं जाऊन एकेका चकतीला हात लावून पाहत होती.

"इंजिनाजवळच्या ह्या चार गारच हाइत," ती म्हणाली. "वायू हितवर येईस्तोवर निवतोयच. ह्या फुकट बसून आल्यात. काढ त्या."