ओट्याखालची दारं

ये गो सुमन, अशी जवळ बस आणि हे नीट वाच. कान धरायला माझा हात मुरबाडपर्यंत पोचत नाय म्हणून लिहिते. नव्या स्वयंपाकघराचा फोटो धाडलास, पण कधी? सगळं ठरल्यावर! थोरल्या जावेला आधी विचारायचं असतं का नाय? कौलं काढून स्लॅब टाकलास, ग्रॅनाइटचा ओटा केलास, त्याच्याखाली सिलिंडर, आणि रविवारी सुतार तिथं दारं बसवणार. ते कळलं आणि मी तशीच लिहायला बसले.

आमी गाव सोडलं तो दिवस आठवतो का तुला? म्हशाची जत्रा नुकतीच उठली होती. माझ्या पोराला, विलासला, आटगावच्या कारखान्यात काम लागलं, शहापुरात फ्लॅट घेतला. दारात टेम्पो उभा, माझी पेटी वर चढली, आणि तू चुलीपुढून उठली नायस. माझ्याकडं न बघता बोललीस, "जा बाय, आता उभ्यानं भाकऱ्या थाप." मी पण रागातच टेम्पोत बसले.

थापल्या गो उभ्यानं. पाय सुजायचे. ओटा सुनेच्या उंचीचा, विलासनं माझ्या पायाखाली फळी ठोकून दिली तेव्हा कुठं हात चालला. पण चूल सुटली तसा माझा खोकला गेला. तुझा अजून फोनवर ऐकू येतो, म्हणून तू गॅस घेतलास ते बरंच केलंस. मला भ्या वाटतं ते त्या दारांचं.

आमच्या ओट्याला पण तशीच चकचकीत दारं होती. गेल्या दिवाळीच्या आधी आतली नळी चिरली. बंद दाराआड कुणाला दिसणार? तिन्हीसांजेला मला वास आला. मला वाटलं, धुरासारखाच हा पण वर जाईल. सासूबाई आपल्याला काय सांगायच्या? "धूर कोंडला का खाली बस गो, डोळे वाचतील." मी वरची खिडकी उघडली, नातीला जमिनीवर बसवली, आणि देवाला दिवा लावायला काडी हातात घेतली.

तेवढ्यात माझी सून, रेखा, कामावरनं आली. दारातनंच ओरडली, "आई, काडी ओढू नका! स्विचला पण हात लावू नका!" पोरीला उचलून बाहेर नेली, दारं सताड उघडली, रेग्युलेटर बंद केला आणि मला दंडाला धरून जिन्यात आणली. तिथं बसले तर काडी अजून माझ्या मुठीतच होती.

रेखा म्हणाली, "आई, हा गॅस जड असतो. वर जात नाय, खाली जमिनीवरनं पसरतो."

"मी पोरीला खालीच बसवली गो," मी म्हटलं. ती पोरीच्या केसांतनं हात फिरवत राहिली.

आता ओट्याखाली दारं नायत, सिलिंडर उघडं दिसतं. बाहेरच्या भिंतीला जमिनीलगत भोक पाडून जाळी बसवली. नळी रेखा टायमावर बदलते. दिवा गॅसजवळ नको म्हणून देव बाहेरच्या खोलीत गेले. तेव्हा मी फुगून बसले होते, आता गप आहे.

आपलं जुनं घर फटींचं होतं गो. कौलांतनं, कुडातनं वारा खेळायचा. आपण चुकलो तरी ते सांभाळून घ्यायचं. स्लॅबचं घर तसं सांभाळत नाय, तिथं आपल्यालाच सांभाळायला लागतं.

इथल्या बायका विचारतात, तुमचं घर कुठलं? काय सांगू? झोपायच्या आधी शेगडी बंद आहे का ते मी दोन घरांचं बघते. इथलं उठून बघते, आणि तिथलं पडल्या पडल्या मनातनं. जिथली शेगडी डोळ्यांपुढं येते ते माझंच घर ना?

तर शनिवारीच ये. सापगाव आलं का फोन कर, विलास स्टँडवर येईल. खाली वाकून आमचा ओटा बघ, रेखाला काय विचारायचं ते विचार, माझ्याशी भांडायचं तर भांड. पण त्या सुताराच्या आधी ये गो.