गरमचं खातं

नवरा-बायकोने एकाच गॅरेजात काम करायचं म्हणजे एका म्यानात दोन तलवारी, असं सगळे म्हणत. पण या दोघांनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी वाटणी करून टाकली होती. तेल, पाणी, धूर, आवाज आणि जे जे हाताला चटका देतं ते मिस्त्रीचं. वायरी, दिवे, सेन्सर आणि ज्यात ज्यात करंट खेळतो ते वहिनीचं. वीस वर्षांत यावरून भांडण झालं नव्हतं. भांडायला इतर विषय पुरेसे होते.

तिला सगळे ड्रायव्हर वहिनी म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाचेसुद्धा. लग्नाआधी सात वर्षं ती पंपांच्या कारखान्यात मोटारींचं वाइंडिंग करायची. केसाएवढ्या तारेचे वेढे न चुकता मोजायची सवय तिथलीच. त्यामुळे ट्रकच्या वायरिंगचा मनगटाएवढा जुडगा पहिल्यांदा हातात आला तेव्हा ती घाबरली नाही. उलट म्हणाली, "एवढ्या जाड वायरी? हे तर सोपं आहे."

तिच्याजवळ मीटर होता, स्कॅनर होता, पण तिचा खरा जीव होता हेडलाइटच्या एका जुन्या बल्बवर. त्याला दोन वायरी जोडलेल्या होत्या. मीटर चोवीस व्होल्ट दाखवतो आणि वायर आतून एका धाग्यावर तग धरून असते, हे तिने फार वेळा पाहिलं होतं. बल्ब मात्र पोटभर करंट मागतो. "मीटर खोटं बोलत नाही," ती म्हणायची, "पण विचारलं तेवढंच सांगतो. बल्ब घरातलं सगळं सांगून मोकळा होतो."

आणि तिचा एक नियम होता. ईसीएमला दोष सगळ्यात शेवटी द्यायचा. ईसीएम म्हणजे इंजिनाच्या अंगाला बोल्टने बसवलेली ताटलीएवढी चपटी ॲल्युमिनियमची पेटी. कुठल्या सिलिंडरला कधी आणि किती डिझेल पाजायचं ते ती ठरवते. बाकीच्या गॅरेजांत काही कळेनासं झालं की ईसीएम गेला असं सांगून मोकळे होत. वहिनी तोच ईसीएम परत बसवायची, गंजलेला एखादा बोल्ट घासायची आणि गाडी सुरू व्हायची. दहातल्या नऊ वेळा असंच व्हायचं. नियमाचा अभिमान त्या नऊ वेळांनी वाढवलेला होता.

शुक्रवारी सकाळी तिचा धाकटा दीर आपला दहाचाकी ट्रक घेऊन दारात आला. गेल्या दीड महिन्यातली ही त्याची तिसरी खेप. चढावर, भरल्या गाडीनिशी, चाळीसेक मिनिटं झाली की त्याचं इंजिन गपकन बंद पडायचं. पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात सुरू व्हायचं. पहिल्या खेपेला वहिनीला अर्थिंगची पट्टी हिरवी पडलेली सापडली. दुसऱ्या खेपेला एक वायर ब्रॅकेटला घासून सोललेली सापडली. दोन्ही वेळा तिने हात पुसत सांगितलं होतं, "झालं. आता बिनधास्त जा, भाऊजी."

आज त्याने इंजिनाचं नावच काढलं नाही.

"मागचे दिवे तेवढे बघा, वहिनी. एक लागत नाही. रविवारी दुपारी गिऱ्हाईक येतंय."

"कशाचं गिऱ्हाईक?"

"गाडीचं. विकतोय."

ती त्याच्याकडे वळली. हा माणूस गाडीचे आरसे स्वतःच्या रुमालाने पुसणारा. "आणि इंजिन?"

"त्याला खरं सांगणार आहे. चढावर मरतं म्हणून. फसवायचं नाही कुणाला." मग तो हसला. "गोदामावर वॉचमन हवाय. खुर्ची मिळते म्हणे. खुर्ची काही मागे घरंगळत नाही."

तो हसत होता, पण किल्ली त्याने तिच्या हातात न देता बाकावर ठेवली. नको असलेली वस्तू ठेवावी तशी.

दिवा दहा मिनिटांत झाला. दीर चहाला गेला आणि वहिनी कॅबिन पुढे ओणवी करून इंजिनापाशी उभी राहिली. दोनदा आपण 'झालं' म्हणालो होतो, हे तिला सलत होतं. ईसीएमला येणाऱ्या पॉवरवर तिने बल्ब लावला. लख्ख पेटला. अर्थिंगवर लावला. लख्ख. एकेक वायर ओढून, वाकवून पाहिली. सगळं धुतल्या तांदळासारखं.

दुपारी डबा उघडून दोघं बाकावर बसली. मिस्त्री निवांत जेवत होता, ही जेवत नव्हती.

"माझ्या बाजूने गाडी चोख आहे," ती म्हणाली. "तुमचंच काहीतरी असणार."

"माझं काय? रेडिएटर बघितला, पंखा बघितला, थर्मोस्टॅट नवा टाकला. नव्वदच्या वर काटा जात नाही. माझ्याकडे तक्रार नाही."

"माझ्याकडेपण नाही."

"वा. मग गाडी मरते ती कोणाच्या खात्यात?"

त्याने चेष्टेत विचारलं होतं. पण तिचा घास हातातच राहिला.

"भाऊजी पहिल्या दिवशी काय म्हणाले होते, आठवतं?"

"तापली की मरते."

"आणि मी काय म्हणाले?"

मिस्त्रीने आठवून सांगितलं, "तापते म्हणजे तुमच्या दादाचं काम."

"आणि मी वायरी कधी तपासते?"

"सकाळी. इंजिन गार असताना. चटके बसतात म्हणून." आता त्याचाही घास थांबला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वीस वर्षं जी वाटणी सोन्यासारखी चालली, तिच्या बरोबर मधोमध एक फट होती आणि बिचारी गाडी त्या फटीत पडली होती. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं. गरम म्हणून तिने बघितलं नाही, करंट म्हणून त्याने बघितलं नाही.

"अहो, घरी जा आणि लेकीचा हेअर ड्रायर घेऊन या."

"ती मला मारेल."

"ती कॉलेजातून यायच्या आत परत ठेवू."

सेन्सरना पाच व्होल्ट पुरवायचं काम ईसीएमचं. वहिनीने सगळे सेन्सर काढून ठेवले, म्हणजे दुसऱ्या कुणावर आळ जायला नको. किल्ली चालू केली, मीटर लावला. पाच. मिस्त्री हेअर ड्रायर घेऊन ईसीएमला ऊब देत उभा राहिला. पाच मिनिटं झाली, व्होल्ट पाचच. दहा झाली, पाच.

"हात दुखला. शिवाय बायकी दिसतंय हे."

"बायकांचे हात दुखत नाहीत का? धरा सरळ."

तेराव्या मिनिटाला आकडा थरथरला. चार पॉइंट आठ. चार. मग एकदम दोनच्या खाली. स्कॅनरचा पडदा कोरा झाला. ईसीएमने बोलणंच बंद केलं. वहिनीने पिळलेलं ओलं फडकं पेटीवर ठेवलं. तीन-चार मिनिटांत पाच व्होल्ट परत हजर. पुन्हा तापवलं, पुन्हा गेले. तिसऱ्यांदाही तसंच.

"गेलाय," ती म्हणाली. "ईसीएमच गेलाय." आणि स्वतःच्याच तोंडून ते ऐकून तिला हसू आलं.

त्याच नंबरचा ईसीएम शनिवारी सकाळच्या बसने पार्सल आला. तो नुसता बसवून भागत नाही, त्याला या इंजिनाची ओळख करून द्यावी लागते. डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा लांबलचक आकडा कोरलेला असतो. मिस्त्रीने झाकण उघडलं, भिंगातून एकेक आकडा वाचला. वहिनीने लॅपटॉपवर टाकला आणि परत वाचून दाखवला. एकाच इंजिनावर दोघांची डोकी एकावेळी वाकलेली असणं, हे गॅरेजात क्वचितच दिसायचं. दोनदा ती एकमेकांवर आपटलीसुद्धा.

रविवारी सकाळी वाळूच्या पोत्यांनी भरलेली गाडी चढाच्या पायथ्याशी उभी होती. दीर आणि मिस्त्री खाली उभे.

"दादाला चालवू द्या, वहिनी."

"दादाने चालवली तर ती दादापुरती बरी झाली. बसा."

ती शेजारी बसली, मांडीवर स्कॅनर. त्याने गाडी चढाला लावली. तिसऱ्या वळणाआधी त्याच्या हाताच्या शिरा वर आल्या.

"इथेच," तो म्हणाला. "मागच्या वेळी. स्टिअरिंग दगड झालं, आणि ब्रेक धरेपर्यंत गाडी दोन हात मागे गेली. मागे स्कूटर होती. बाई आणि लहान पोर. त्यांना काही झालं नाही. पण रात्री डोळे मिटले की आरशात तेच दिसतं."

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. वहिनीने पडद्यावरची नजर काढली.

"तुम्ही पहिल्याच दिवशी नीट सांगितलं होतंत, भाऊजी. मी ऐकलं नाही. चूक गाडीची नव्हती, तुमचीही नव्हती."

"म्हणजे तुमच्या दोघांच्या वाटणीत," तो सावकाश म्हणाला, "मरण माझ्या वाट्याला आलं."

"तसंच म्हणा."

तो हसला. या वेळी खांदेही हसले. वळण मागे पडलं, पुढचंही पडलं.

माथ्यावर त्याने गाडी थांबवली, खाली उतरून सगळे टायर लाथेने वाजवले आणि परत दारापाशी आला. "तुम्ही जरा उतरता का? एकदा एकट्याने चढायचंय."

ती रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसली. गाडी वळवून तो खाली गेला. ऊन कोवळं होतं, दरीतून वाऱ्याबरोबर गवताचा वास येत होता. बऱ्याच वेळाने खालून इंजिनाचा सूर वर येऊ लागला. तिसऱ्या वळणाशी तो दबला. तिने श्वास रोखला. मग कळलं, त्याने गिअर बदललाय. सूर पुन्हा भरला आणि तसाच, न तुटता, वर आला.

गाडी तिच्यापाशी थांबली. त्याने खिडकीतून फोन पुढे केला.

"त्या गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगा, वहिनी."

"काय सांगू? गाडी आता बरी झाली म्हणून?"

"तेच नको ना. ते ऐकलं तर तो तासाभरात दारात येईल."

"मग?"

"सांगा की मालक चक्रम आहे," तो म्हणाला आणि तिच्यासाठी आतून दार उघडलं.