नायकाची वाक्यं सेक्रेटरींच्या आवाजात

शैलाचं आणि माझं शेवटचं बोलणं झालं ते एका कादंबरीतल्या मुलावरून. "मंदा, हा मुलगा मला काही पसंत नाही," ती फोनवर म्हणाली. "पुस्तक संपत आलं, पण एकदाही तिला 'जेवलीस का' म्हणून विचारलं नाही यानं. नुसता डोळ्यांत बघत बसलाय." मी म्हटलं, "अगं, डॉक्टरांनी तुला प्रेशरची गोळी वेळेवर घ्यायला सांगितलीय आणि तू पोरांच्या लफड्यांत काय अडकलीयस?" "गोळी घेतली. आता गप ऐक," असं म्हणून तिनं त्या पोराची अशी काही खरडपट्टी काढली की हसून हसून माझी पुरेवाट झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या भाचीचा, प्रज्ञाचा फोन. "मंदामावशी, आत्या गेली गं... झोपेतच." मी खुळ्यासारखं विचारलं, "पुस्तक संपलं होतं का तिचं?" पोरीला रडता रडता हसू फुटलं. म्हणाली, "नाही ना. थोडंसंच राहिलंय."

शैला गायकवाड माझी मैत्रीण. कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसायचो, कानाला हेडफोन आणि समोर वायरींचं जंगल. निवृत्त झाल्यावर मी डोंबिवलीत राहून गंभीर पुस्तकं वाचायला लागले, म्हणजे निदान टेबलावर तरी ठेवायला लागले. शैलानं मात्र ठाण्यात, वर्तकनगरच्या आपल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात, कॉलेजातल्या पोरापोरींच्या प्रेमाच्या जाडजूड कादंबऱ्यांचा सपाटा लावला. प्रज्ञा शिकायला तिच्याकडे राहायची, तिचीच ही पुस्तकं. कव्हरवर शर्टाची बटणं लावायला विसरलेला एक मुलगा ठरलेला. मी नाक मुरडलं की शैला म्हणायची, "तू वाचलंयस का? नाही ना? मग बोलू नकोस." म्हणून मीही वाचायला लागले, निव्वळ भांडता यावं म्हणून.

त्या पुस्तकांत काय असतं ते आता मी झोपेतही सांगेन. पहिल्याच पानावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं की समजायचं, जमणार. दोघं कुठेतरी अडकणार, हॉटेलात एकच खोली शिल्लक असणार आणि खोलीत एकच पलंग. मुलगा तुसडा, कारण लहानपणी त्याच्यावर काहीतरी बेतलेलं, आणि त्याला सुधारायचा ठेका मुलीकडे. "ही प्रेम करतेय की ड्युटी?" शैला विचारायची. शिवाय एक दुसरा मुलगा असतो, नोट्स काढून देणारा, ताप आला की औषध आणून देणारा. त्याला शेवटपर्यंत कुणी काडीची किंमत देत नाही. शैलाचा सगळा जीव त्याच्यावर. "बिचारा," ती हळहळायची, "याच्यासाठी कुणीतरी एक पुस्तक लिहा रे!" पण ही पुस्तकं तिला मनापासून आवडायची, हेही सांगायला हवं. ती म्हणायची, "यातल्या पोरी स्वतःला काय हवं ते तोंडानं सांगतात गं. आपल्या वेळची नायिका नुसती पदराचं टोक चावत बसायची."

तिची खरी गंमत पुढेच आहे. एकदा प्रज्ञा सोफ्यावर लोळत वाचत होती आणि एकदम उसासा टाकून म्हणाली, "आत्या, ऐक ना, किती क्यूट... 'तू फक्त माझी आहेस. दुसऱ्या कुणी तुझ्याकडे बघितलं तर मी काय करेन, मला माहीत नाही.'" शैलानं भाषण नाही दिलं. पुस्तक हातात घेतलं आणि तेच वाक्य साळवींच्या आवाजात वाचलं. साळवी म्हणजे त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. भला माणूस, पण मजल्यामजल्यावर फिरून, नाकातून, शब्द सुटा सुटा करून सांगणार, "उद्या, टाकी, धुणार, आहोत. पाणी, भरून, ठेवा." त्याच चालीत शैला म्हणाली, "तू, फक्त, माझी, आहेस." प्रज्ञा सोफ्यावरून खाली पडायची बाकी राहिली. पुढचं वाक्य होतं, 'मी रात्रभर तुझ्या खिडकीखाली उभा होतो.' तेही साळवींनी सांगितलं तेव्हा प्रज्ञा ओरडली, "ई! पोलिसांना बोलव आधी!" शैला शांतपणे म्हणाली, "मग मघाशी का नाही बोलावलंस? तो देखणा होता म्हणून?"

तेव्हापासून दर रविवारी सकाळी प्रज्ञाच्या मैत्रिणी जमायला लागल्या. चहा, खारी आणि पुस्तक. नायकाचं वाक्य आवडलं की ते साळवींच्या आवाजात वाचायचं, हा नियम. टिकलं तर ठेवायचं, नाही टिकलं तर हसून सोडून द्यायचं. बहुतेक वाक्यांचा चेंदामेंदा व्हायचा. पण एकदा कुठल्याशा पुस्तकात तो मुलगा विचारतो, 'मी जवळ येऊ का? नको असेल तर नको म्हण, मी रागावणार नाही.' शैलानं ते नाकातून, सुटं सुटं वाचलं. कुणी हसलंच नाही. एक पोरगी हळूच म्हणाली, "आत्या... हे साळवीकाकांनी विचारलं तरी चालेल की." मग मात्र हसण्याचा असा स्फोट झाला की खालच्या मजल्यावरून खुद्द साळवी काय झालं ते बघायला वर आले. त्यांनाही चहा दिला.

ही युक्ती शैलाला कुठून सुचली ते मला ठाऊक होतं. एक्स्चेंजमध्ये आम्ही ट्रंक कॉल, म्हणजे परगावचे फोन, जोडून द्यायचो आणि लाइन नीट आहे ना, एवढं ऐकून बाजूला व्हायचो. तेवढ्यात चार वाक्यं कानावर पडायचीच. चेहरे नाहीत, शर्ट नाहीत, नुसते आवाज. तरीही आम्ही तिथे एक घोळ घातलाच. शैलाचं नवीन लग्न झालेलं. तिचा नवरा तासातासाला बोर्डावर फोन करायचा, "शैला आहे का जागेवर?" आणि आम्ही सगळ्याजणी हेव्यानं मरायचो. ट्रंक कॉलला लोक ताटकळत बसायचे तो जमाना, आणि हिला तासाला एक फोन! आमच्या लेखी प्रेम ते हेच. "नशीब काढलंस हो," म्हणून आम्ही तिला छळायचो आणि ती लाजायची. मग एकदा ती कँटीनमध्ये असताना त्याचा फोन आला, आणि संध्याकाळी तो गेटवर उभा, सगळ्यांदेखत विचारत, "कुणाबरोबर होतीस?" तेव्हा आमचे डोळे उघडले. शैला थोड्याच दिवसांत एक बॅग घेऊन भावाकडे निघून आली ती परत गेली नाही. पुढे कुणी दुसऱ्या स्थळाचं नाव काढलं की म्हणायची, "आमची लाइन एंगेज आहे." पण मला ती एकदा म्हणाली होती, "मंदा, माझ्या कानावरचा माझाच विश्वास उडालाय गं." ते मी विसरले नाही.

आता म्हात्रे. तन्वी नावाची एक मुलगी कोपरीहून यायची, तिला तिचे आजोबा स्कूटरवरून सोडायला येत. कोपरीतले जुने रहिवासी, एके काळी घरची मिठागरं होती, आता त्या जागेवर इमारती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. माणूस अंगानं धिप्पाड आणि बोलायला इतका मोजका की तन्वीच त्यांच्या वतीनं बोलायची. ते कधी आत बसत नसत. गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचायचे. मी एकदा म्हटलं, "आत या की, पोरींची धमाल चाललीय." तर म्हणाले, "नको, हितंच बरा हाय. ऊन चांगला हाय." मला वाटलं, असेल बाबा, म्हाताऱ्या माणसाला ऊन लागतं.

मागच्या वर्षी हिवाळ्यात एका शनिवारी शैलाचा फोन. "मंदा, उद्या लवकर ये." आवाज असा की मी घाबरले. जाऊन बघते तर बाई लाजेनं लाल. फोन माझ्या हातात दिला. म्हात्र्यांचा मेसेज होता. "शैलाबाई, मी गॅलरीत बसतो ते उन्हासाठी नाही. तुम्ही वाचता ते ऐकायला बसतो. हे तुम्हाला सांगावं असं वाटलं. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. नाही म्हणालात तरी तन्वीला सोडायला येईन, पण मग खाली थांबेन." मी दोनदा वाचला. "अगं शैले!" माझ्या तोंडून एवढंच निघालं. ती म्हणाली, "मला आवडलाय मेसेज. म्हणूनच भीती वाटतेय. मागच्या वेळीपण आवडलंच होतं ना सगळं." साठी ओलांडलेली बाई, आणि प्रश्न एकच, या माणसाला हो म्हणायचं का? म्हणाली, "मी पोरींना विचारणार. कादंबरीतला उतारा म्हणून." मी कपाळावर हात मारला, "अगं, म्हात्रे गॅलरीत असतील!" तर म्हणे, "आज प्रज्ञाच आणणार आहे तन्वीला. तिला मी कालच सांगून ठेवलंय."

ठरवलं होतं ते बरोबर, पण आयत्या वेळी प्रज्ञाची स्कूटी खालीच बंद पडली, तिनं तसा फोन केला आणि तन्वीला घेऊन म्हात्रेच आले. आम्ही स्वयंपाकघरात खारी काढत होतो, आम्हाला पत्ताच नाही. गॅलरीचा पडदा ओढलेला. पुस्तकातली एकदोन पानं झाल्यावर शैलानं घसा साफ केला आणि नावं गाळून साळवींच्या आवाजात सुरुवात केली, "मी, गॅलरीत, बसतो, ते..." पोरी खिदळल्या. पुढच्या वाक्याला हसणं कमी झालं. 'नाही म्हणालात तरी' इथे तर शैलाचा साळवी सुटूनच गेला आणि तिचा स्वतःचा आवाज लागला, कापरा. शेवटचं वाक्य ऐकून एकजण म्हणाली, "आत्या, कुठल्या पुस्तकातला आहे हा? मला पाहिजे हा!" तेवढ्यात तन्वी पांढरीफटक. "आत्या... आजोबा बाहेरच आहेत." पडदा सरकला. म्हात्रे उभे होते, हातात घडी घातलेला पेपर. त्यांनी चपला पायांत सरकवल्या आणि जिन्यानं खाली उतरले.

मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. शैला म्हणाली, "मी त्यांची नक्कल केली, असं वाटलं असेल त्यांना. सगळ्यांसमोर." तन्वी रडायच्या बेतात. त्या पुस्तकांत अशा वेळी नायिका विमानतळावर धावत सुटते. आमच्या नायिकेचे दोन्ही गुडघे दुखत होते, आणि लिफ्ट त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद, साळवींनी तशी नोटीसही लावलेली. प्रज्ञा म्हणाली, "आत्या, थांब, मी बोलावून आणते." शैला म्हणाली, "गप बस. माझं मी बघते." आणि कठड्याला धरून, एकेक पायरी, ती चार मजले उतरली. जिना उतरताना ती एवढ्या मोठ्यानं 'आई गं' म्हणत होती की वाटेतली दारं उघडली.

आम्ही सगळ्या गॅलरीत. मी पोरींना दटावत होते, "कान देऊ नका गं, चांगलं नाही ते," आणि स्वतः कठड्यावरून अर्धी बाहेर. नोकरीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या लाइन जोडल्या, पण चौथ्या मजल्यावरून एक अक्षर ऐकू येईना! म्हात्रे स्कूटरपाशी उभे होते. शैला काहीतरी बोलली. ते काहीतरी बोलले. आणि मग म्हात्र्यांनी हात पुढे केला, शैलानं तो धरला आणि दोघं जिन्याकडे वळली. पोरींनी अशा शिट्ट्या मारल्या की विचारू नका. वर आल्यावर शैलानं गॅलरीतली खुर्ची उचलून आत आणून ठेवली. काय बोलणं झालं ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी खनपटीला बसले की म्हणायची, "लाइनवरचं बोलणं बाहेर सांगायचं नसतं, नियम आहे."

त्यांनी लग्न केलं नाही, घरं एक केली नाहीत. पण रविवारी म्हात्रे तन्वीच्या कॉलेजची परीक्षा असली तरी यायचे, एकटे. मासळी आणायचे, शैला शिव्या घालत साफ करायची, मग वाचन. शैलाचा भाऊ आधी जरा घुटमळला, पण एकदा जेवायला बसला आणि म्हात्र्यांनी आणलेल्या कोलंबीनं त्याचं मतपरिवर्तन झालं. शैला त्या दिवसांत इतकी छान दिसायची, काय सांगू! मला हेवा वाटायचा, पण या वेळी बरोबर गोष्टीचा.

मागच्या रविवारी मी पुन्हा वर्तकनगरला गेले. जायचं मन होत नव्हतं, पण प्रज्ञा म्हणाली, "मावशी, आत्याचं राहिलेलं पुस्तक संपवायचंय. ये ना." पोरी होत्या, खारी होती, चहा तेवढा पांचट झाला होता. म्हात्रे खुर्चीत बसले होते, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. शेवटच्या प्रकरणात तो मुलगा भर मैदानात, हजारो लोकांसमोर, माइकवरून त्या मुलीला मागणी घालतो. शैला असती तर...असो. वाचून झाल्यावर तन्वीनं एकदम विचारलं, "आजोबा, तुम्ही खाली काय बोललात त्या दिवशी? आता तरी सांगा." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी रागावून नाय गेलेलो खाली. सगल्यांसमोर तिला 'नाय' बोलाला जड गेला असता, म्हनून गेलो. ती आली, नि तिनीच मना इचारला, 'दर रविवारी याल का?' मी बोल्लो, येन."

"एवढंच?" पोरी एका सुरात ओरडल्या.

"मंग अजून काय पायजे?"

तन्वीचे डोळे भरून आले. "पण आजोबा, आता आत्या नाहीये ना..."

"मी तिला काय बोल्लो?" म्हात्रे म्हणाले. "येन, असा बोल्लो." आणि त्यांनी कपाटातून पुढचं पुस्तक काढून प्रज्ञाच्या हातात दिलं.