तायडे साहेब आणि न सुटलेले बोल्ट

तायडे साहेबांच्या घरी पाहुण्याला पाण्याच्या आधी बरणी दाखवायची पद्धत होती. लोणच्याची मोठी काचेची बरणी, आणि तिच्यात साहेबांनी आपल्या जुन्या गाडीतून स्वतःच्या हातांनी तोडलेले बोल्ट. प्रत्येक बोल्टला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. ‘लखनौची दमट हवा.’ ‘आधीच्या मालकाचा निष्काळजीपणा.’ ‘पाना निकृष्ट.’ एका चिठ्ठीवर तर ‘सौ.ने ऐन वेळी चहाला हाक मारली’ असं होतं. तोडणाऱ्याचं नाव एकाही चिठ्ठीवर नव्हतं.

जानकीपुरममधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला, तेव्हा साहेबांचे मला आधी पाय दिसले. बाकीचे साहेब गाडीखाली होते.

“कोण?” पायांनी विचारलं.

“वरची नवीन भाडेकरू. वैशाली.”

“शिक्षण?”

“बी.कॉम.”

“छान. टॉर्च धर, ग्रॅज्युएट.”

त्यानंतर तीन वर्षं मी टॉर्च धरला. आमच्या वाशीमकडच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या गोदामात पोती वाहिली आणि मला शिकवलं. सरकारी नोकरी मिळवून मी इतक्या लांब लखनौला आले आणि रविवार-रविवार एका म्हाताऱ्याच्या गाडीखाली उजेड पाडते, हे त्यांना मी फोनवर कधी सांगितलं नाही.

साहेबांची नोकरी रेल्वेच्या प्रयोगशाळेतली. मानक नगरच्या कॉलनीत चौतीस वर्षं काढली. काम एकच: नवा बोल्ट यंत्रात अडकवायचा, तुटेपर्यंत ताणायचा, आणि किती जोराला तुटला ते लिहायचं. बोल्ट तुटला की दिवस सार्थकी लागला. अशा माणसाच्या हाती निवृत्तीनंतर पाना देऊ नये, एवढं कुणालाही कळेल. निरोपाच्या समारंभात सहकाऱ्यांनी त्यांना नेमका पान्यांचा संच दिला.

ज्ञानात मात्र काही उणं नव्हतं. गाडीखालून त्यांचं व्याख्यान चालायचं. “गंज म्हणजे लोखंडाचं म्हातारपण, ग्रॅज्युएट. त्याच्याशी अदबीने वागायचं. आधी तारेच्या ब्रशने घासायचं. मग तेल सोडायचं, हातोडीने हलके ठोके द्यायचे आणि रात्रभर सोडून द्यायचं. सकाळी आधी किंचित आवळायचं, मग सैल करायचं. परत आवळायचं, परत सैल करायचं. समझे?”

यातला शब्द न् शब्द खरा आहे, मी नंतर चार ठिकाणी विचारून खात्री केली. फक्त साहेबांची रात्र अकरा मिनिटांची असे. अकरा मिनिटं झाली की ते उठत, पान्याच्या दांड्यावर हातभर लोखंडी पाइप चढवत आणि म्हणत, “जरा हात लांब करू.” मग टक्‌ असा आवाज येई. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावला असता. साहेब तुटलेलं डोकं उजेडात धरून प्रसन्न चेहऱ्याने म्हणत, “बघ, मानेशी तुटला. अगदी अपेक्षेप्रमाणे.”

या सगळ्यात भरडल्या जात होत्या त्या चिठ्ठीतल्या सौ., कुसुमकाकू. काकूंचं मागणं एकच होतं: दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचं. त्यांचे वडील पहिल्या दीक्षेला तिथे गर्दीत उभे होते. काकू लग्नाआधी दरवर्षी जायच्या. लखनौला आल्यावर कधी मुलांच्या परीक्षा, कधी साहेबांची ड्यूटी, असं करत वर्षं गेली. आता वेळ होता तर गुडघे गेले होते. त्या दिवसांतल्या गाडीची गर्दी, पुलांचे जिने, काही झेपण्यासारखं नव्हतं. साहेब म्हणाले, “ट्रेन कशाला? आपली कार आहे ना यार.” काकूंनी विश्वास ठेवला, ही त्यांची चूक.

पहिल्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी साहेबांना वाटलं, चाकं एकदा तपासावीत. चाकाचे दोन बोल्ट तुटले. दुसऱ्या वर्षी सायलेन्सर. भरलेली बॅग काकूंनी दोन्ही वेळा मुकाट्याने रिकामी केली. तिसऱ्या वर्षी दसऱ्याला चार दिवस उरले असताना मी खाली आले, तर पुढचं चाक काढलेलं आणि साहेब ब्रेकपुढे मांडी घालून बसलेले.

“काका, काय करताय?”

“ब्रेकचे पॅड बदलतोय. लांबचा प्रवास आहे.”

“ते विकास नगरच्या इरफान मिस्त्रीकडे तासाभरात होतं.”

“मिस्त्री? माझ्या गाडीला?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गाडी भंगारात द्यायला सांगितली. “टॉर्च धर.”

अकरा मिनिटांनी टक्‌ झालं. बोल्टचं डोकं साहेबांच्या हातात, धड ब्रेकच्या ब्रॅकेटमध्ये. पण साहेब तयारीत होते. असा अडकलेला बोल्ट काढायला उलट्या आट्यांचा एक दांडा मिळतो. बोल्टला मधोमध भोक पाडायचं, दांडा त्यात फिरवायचा, तो रुतत जातो आणि बोल्टला घेऊन बाहेर येतो. साहेबांनी भोक पाडलं, दांडा घातला, आणि हात लांब केला. दांडाही आतच तुटला. त्याचं पोलाद इतकं कडक की आता त्यात साधं ड्रिलही शिरेना. बोल्टच्या पोटात दांडा, ब्रॅकेटच्या पोटात बोल्ट, आणि ब्रेक नसलेली गाडी. अपेक्षेप्रमाणे, असं साहेब या वेळी म्हणाले नाहीत.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. “काय झालं?”

मीच म्हणाले, “काका, इरफानला बोलावू या आता.”

“नाही.” मग खाली बघत, हाताचं ग्रीस चिंधीला पुसत, साहेब बोलले. “माझा बाप रेल्वेच्या लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या होता. तीस वर्षं पाने पुसून फिटरच्या हातात द्यायचा. एकदा स्वतः फिरवायला गेला तर फिटर म्हणाला, ठेव, तुझं काम नाही ते. काहून नाही, ते शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मी ठरवलं, माझ्या गाडीचा पाना मीच फिरवीन. मोडली तरी मोडली.”

माझ्या वडिलांनाही गोदामातल्या माठाला हात लावू देत नसत. काकू मात्र थांबल्या नाहीत. त्या दोन पायऱ्या उतरल्या, गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या वडिलांना पाना मिळाला नाही, म्हणून मला नागपूर मिळू नये, असं आहे का?”

साहेबांनी चिंधीने पाना पुसायला घेतला.

“अच्छा,” काकू म्हणाल्या. “वैशाली, लाव त्या इरफानला फोन.”

इरफान मिस्त्री स्कूटरवर आला. पन्नाशीचा माणूस, तोंडात पान. वाकून बघितलं आणि अदबीने विचारलं, “अंकल, यह किसने किया?”

“पहले वाले ने,” साहेब म्हणाले.

इरफानने माझ्याकडे पाहिलं. मी टॉर्चकडे पाहिलं.

त्याने ब्रॅकेट सोडवलं आणि आम्ही तिघं त्याच्या दुकानात गेलो. त्याने बारीक छिन्नीने टोचून टोचून तुटलेल्या दांड्याचा चुरा बाहेर काढला. मग उरलेल्या बोल्टवर एक नट ठेवून तो वेल्डिंगने चिकटवला. नट लालभडक झाला. साहेब स्टुलावरून उठले. “अब घुमाओ.”

“अभी नहीं, अंकल. चाय पीजिए.”

“ठंडा हो जाएगा.”

“वही तो चाहिए.”

अर्धा तास साहेब त्या स्टुलावर बसून राहिले. चौतीस वर्षांच्या नोकरीत एखाद्या बोल्टसाठी ते एवढे थांबले नसतील. इरफानने पाना घेतला, तेव्हा साहेब पुढे झाले आणि मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात विचारलं, “मैं घुमाऊँ?”

“आपकी गाड़ी है. आप किससे पूछ रहे हैं?” इरफानने पाना त्यांच्या हातात दिला. “बस ज़ोर नहीं. थोड़ा आगे, थोड़ा पीछे.”

साहेबांनी फिरवला. थोडा पुढे, थोडा मागे. घाम कानशिलावरून ओघळत होता, तो पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. मग बोल्ट बारीक करकरला आणि फिरायला लागला, आणि आख्खाच्या आख्खा बाहेर आला. साहेब तो तळहातावर घेऊन बघत राहिले. डोळे भरले होते, असं मी लिहिलं तर त्यांना आवडणार नाही. वेल्डिंगचा धूर होता, असं लिहिते.

घरी येईपर्यंत साहेब पूर्ववत झाले. “वेल्डिंगची कल्पना माझीच होती,” त्यांनी काकूंना सांगितलं. “मशीन फक्त त्याचं.”

नागपूरला गाडी मी चालवली. साहेब शेजारी बसून वाटेतल्या प्रत्येक ट्रकच्या चाकांचं परीक्षण करत होते आणि दर दोन तासांनी गाडी थांबवायला लावून आपली चाकं बघत होते. मागे काकू. दुसऱ्या दिवशी पोहोचलो. गाड्या लांबच अडवल्या होत्या, तिथून काकू तीन ठिकाणी बसत, तासभर चालत गेल्या. बसायला घडीचं स्टूल साहेबांनी डोक्यावर धरून आणलं होतं. स्तूपासमोर काकू हात जोडून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ हलल्या नाहीत. मागे साहेब यवतमाळकडच्या एका अनोळखी माणसाला सांगत होते, “ब्रेक मी स्वतः केले. घरच्या घरी.”

मी तोंड उघडणार होते. काकूंनी डोळे न उघडता माझं मनगट धरलं. “सांगू दे ग. पोहोचले ना मी.”

जानेवारीच्या थंडीत साहेब गेले. हृदय थांबलं, कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. पुण्यानुमोदनाला मानक नगरची माणसं आली. एकाने भाषणात त्यांना ‘यंत्रावर जिवापाड प्रेम करणारे’ म्हटलं. अंगणातल्या गाडीला बोलता येत नव्हतं म्हणून ते भाषण नीट पार पडलं.

सगळे गेल्यावर काकूंनी मला गाडीची किल्ली दिली. “उद्या इरफानकडे सोडून ये. सगळं बघून ठेव म्हणावं. दसऱ्याला जायचं आहे.”

“जाऊ ना, काकू.”

“यंदा काही मोडायचं नाही. वेळेवर निघू.” त्या खुर्चीवर टेकल्या. अंगणात गाडीखाली कुणी नव्हतं. तिकडे बघत त्या म्हणाल्या, “वाटेत थांबायलाही लागणार नाही. लवकर पोहोचू आपण. एवढ्या लवकर जाऊन करायचं काय, तेवढं मात्र मला कळत नाही.”