पत्रकाला पडलेली खिडकी

आमच्या घरात दोन्ही बाजूंनी कोरा कागद कधी आलाच नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, कर्जतच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला होते. बिघडलेली, जादा निघालेली पत्रकं ते पिशवीत घालून घरी आणत. मागची कोरी बाजू आम्हा भावंडांच्या गणितांसाठी. पण गणित अडलं की कागद उलटा व्हायचाच. मोर्चाचं पत्रक, जयंतीचं पत्रक, संपाचं पत्रक, मूळव्याधीवरच्या खात्रीशीर औषधाचं पत्रक. 'बंधू-भगिनींनो' ही हाक मी पाढ्यांच्या आधी पाठ केली असेल. बरीच वर्षं माझी अशी समजूत होती, की जगातला प्रत्येक अन्याय शेवटी तीन उद्गारचिन्हांवर येऊन थांबतो. मूळव्याधसुद्धा.

त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, तेव्हा मी पत्रक काढणार हे आमच्या वस्तीत कुणाला सांगावं लागलं नाही. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही सहा-सात जणांनी युवक मंडळ काढलं होतं. त्याला कार्यालय नव्हतं, शिक्का होता.

विषय ठरलेलाच होता. सरपंच. पुन्हा उभा राहिला होता आणि पुन्हा निवडून येणार होता. माणूस कामाचा, हे त्याचे विरोधकही खासगीत मान्य करत. फाट्यापासून गावापर्यंत डांबर त्याने आणलं. मुक्कामाची एसटी त्याने आणली. तालुक्याच्या ऑफिसात शिरला की कागद हातात घेऊनच बाहेर यायचा. पण संध्याकाळी त्याची मोटारसायकल घराऐवजी कुठे उभी असते, हेही गाव खासगीत बोलायचं. अंगणवाडी चालवणाऱ्या बाईंच्या दाराशी, असं म्हणत.

या बाई दुसऱ्या तालुक्यातल्या. नवऱ्याने टाकलेल्या. देवळाशेजारच्या भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि त्याच खोलीच्या ओसरीवर चाळीसेक पोरं गोळा करून अंगणवाडी चालवायच्या. माझी आई त्यांच्या हाताखाली मदतनीस होती. पोरांना घरून आणणं, पोचवणं, उसळ शिजवणं हे आईचं काम. बाई तिला मावशी म्हणायच्या. भिंतीवरचे तक्ते दाखवत, पोरांबरोबरच त्यांनी आईला वाचायला शिकवलं होतं.

पत्रकाच्या आधी घरात आमचा वाद झाला. आई भाकरी थापत होती.

"त्यानं यष्टी आणली म्हणून तू कॉलेजला जातीस, बये," ती म्हणाली. "तो त्याच्या घरात काय दिवं लावतो, त्याचं आपल्याला काय करायचंय?"

"म्हणजे पुढाऱ्याचं चारित्र्य बघायचंच नाही?"

"बघ की. पन मुक्कामाची गाडी चुकली तर तुला चारित्र्य घ्यून येनार हाय का घरी?"

मी तिला तत्त्व समजावून सांगितलं. साधारण पाऊण तास. आईने तेवढ्यात सगळ्या भाकरी केल्या आणि शेवटची करपली, तीही माझ्याच खात्यावर टाकली.

पत्रकात दहा प्रश्न होते. डांबर दोन पावसाळ्यांत का उखडलं, खांबावरचे दिवे एकाच आळीत का, आमच्या वस्तीचा नळ महिन्यातून किती दिवस येतो, असे नऊ. दहावा माझा लाडका. तो मी चार वेळा लिहून घासला होता. 'ज्याला स्वतःच्या घराशी इमान राखता येत नाही, तो गावाशी काय राखणार? अंगणवाडीच्या ओसरीवर संध्याकाळी कोणते धडे चालतात, हे सरपंच सांगतील काय???'

आप्पांनी खिळे जुळवताना एवढंच म्हटलं, "दहावा जरा तिखट झालाय."

"व्हायलाच पाहिजे."

"मंग ऱ्हाऊ दे. मी काय, उलटं जुळवनारा मानूस."

पाचशे प्रती निघाल्या. गुलाबी कागद, काळी शाई, तळाला नियमाप्रमाणे छापखान्याचं नाव. शनिवारी संध्याकाळी गठ्ठा घरी आला. आईने वरचा एक काढला आणि उंबऱ्यात बसून, बोट ठेवत, एकेक अक्षर लावत वाचायला लागली. तिने अख्खं पत्रक वाचण्याची ती पहिलीच वेळ. मी कौतुकाने बघत होते. नऊपर्यंत ती मधूनमधून मान डोलवत होती. दहाव्यावर बोट अडलं. ते तिने दोनदा वाचलं. मग पत्रकाची घडी घालून पोलक्यात ठेवली आणि भांडी घासायला गेली.

रविवारी सकाळी ती बाईंना घेऊनच आली.

बाई आत आल्या नाहीत. उंबऱ्यातच बसल्या, आईच्याच जागी. त्यांनीही पत्रक पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं होतं, रडतील किंवा शिव्या देतील. दोन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार होती.

"चांगलं लिहितेस," त्या म्हणाल्या. "नऊ प्रश्न त्याला विचारलेस. दहावा मला."

"तो पण त्यालाच आहे."

"गावात अंगणवाड्या किती आहेत?"

"एकच."

"उत्तर द्यायला तो पारावर उभा राहील, हार घालून. मी कुठं उभी राहू? उद्या दोन आयांनी पोरं पाठवली नाहीत की परवा दहा पाठवणार नाहीत. मग पोरं नाहीत म्हणून वरून कागद येईल आणि मला घरी बसवतील. घर कुठलं, ते पण तूच सांग."

आणि तरी मी विचारलंच. पत्रकं वाचून वाढलेल्या माणसाला पुरावा लागतो. "पण ते खरं आहे का, बाई?"

"खरं असलं तरी माझी नोकरी जाणार. खोटं असलं तरी जाणार. मग तुला सांगून मला काय मिळणार?"

दहावा काढायचा, एवढं ठरलं. आणि पत्रक वाटायचं होतं सोमवारी, बाजाराच्या दिवशी.

नव्याने छापायला कागद कुठला आणायचा? आई म्हणाली, दहाव्यावर शाई फासा. आप्पांनी मान हलवली. "खिळ्याचा ठसा मागून उठतो. बोट फिरवलं तरी कळतंय. कापावंच लागंल." त्यांनी स्टीलची पट्टी आणि ब्लेड काढलं. पंधरा-पंधरा पत्रकं एकावर एक ठेवून, चारी बाजूंनी रेघ मारून, ते दहावा प्रश्न तेवढा नेमका कापून काढायचे. खाली छापखान्याचं नाव शाबूत. दुपारभर आम्ही तिघं तेच करत होतो. बाईही बसल्या होत्या, कापलेल्या पट्ट्या मोजून घेत. पाचशे भरल्या तशा त्यांनी त्या आमच्या चुलीत घातल्या आणि शेवटची जळेपर्यंत हलल्या नाहीत.

सोमवारी पत्रक वाटलं. नऊ प्रश्न आणि खाली दोन बोटं उंचीची, आरपार खिडकी.

पहिले नऊ प्रश्न कुणीही वाचले नाहीत.

"हितं काय हुतं रं?" एक म्हातारबा खिडकीत बोट घालून विचारत होते.

"रेशनच्या रॉकेलचं आसंल."

"छ्या! रॉकेलचं कापत्यात व्हय? लई मोठं आसनार."

"सरपंचानं माणसं पाठवून कापायला लावलं म्हनं."

"तरी तुला म्हनलं हुतं, नुस्त्या डांबरात एवढा बंगला हुत न्हाई."

भाजीवाल्या बाईने पत्रक डोळ्याला लावून त्यातून मला बघितलं आणि डोळा मारला. दुपारपर्यंत त्या भोकात गावाने सरपंचाची दोन ट्रॅक्टरं, नगरमधला एक फ्लॅट आणि भावजयीची जमीन कोंबली होती. मी इतकं प्रभावी आजवर काही लिहिलेलं नाही.

संध्याकाळी मोटारसायकल आमच्या दारात वाजली.

सरपंच एकटाच आला. बाजेवर बसला. चहा मागितला, नि निवडणुकीच्या दिवसांत पुढारी पितात तसा पहिल्या घोटातच अर्धा संपवला. एरवी या दारावरून तो हॉर्न वाजवत जायचा.

"काय कंपोझिटर साहेब, लेक लई शिकली तुमची." मग माझ्याकडे वळून, "ताई, मला उघड खेळायला आवडतं. कापलं ते बरं केलं. पन काय कापलं ते तरी कळू दे."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ते आता नाहीच."

त्याला वाटलं, मी भाव खातेय.

"हे बघ, रॉकेलचं आसंल तर तो एकच बॅरल हुता, आन लग्नघर हुतं. घरकुलात पुतन्याचं नाव आलं, ते माज्या सहीनं आलंच न्हाई, सदस्यांनी घातलं." तो बाजेवर पुढे सरकला. "आन अंगनवाडीचं म्हनशील तर..."

आई चुलीपाशी होती. ती एकदम ताठ झाली.

"...तर कांदा काय जन्मभर ठिवनार हाय का मी त्या खोलीत? माजी कांद्याची चाळ पडली वाऱ्यानं. कांदा गेला की खोली मोकळी. पोरं बसतील की आरामात!"

"कुठली खोली?" आईने विचारलं.

"आगं वहिनी, अंगनवाडीला मंजूर झाल्याली. माज्या मळ्यात बांधली ती..."

तिथे तो थांबला. आमची तोंडं बघून त्याच्या लक्षात आलं असावं, की आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. मळ्यातली ती पत्र्याची पक्की खोली सगळ्या गावाने पाहिली होती. ती सरपंचाचीच, असं गाव धरून चाललं होतं. उरलेला अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला.

तो गेल्यावर आप्पांनी त्याची कपबशी उचलली. "सगळं बोलला," ते म्हणाले. "बाईचं तेवढं त्याच्या मनात पन आलं न्हाई."

हेच मलाही टोचत होतं. कशाकशाची भीती वाटते, ते तो बोटं मोजून सांगून गेला. त्यात बाई नव्हत्या. माझा घासून घासून धार लावलेला प्रश्न त्याला ओरखडासुद्धा काढणार नव्हता. पारावर चार जण हसले असते आणि मतं होती तेवढीच पडली असती. जिची ओसरी पावसात गळत होती, तिच्याकडे हा माणूस रोज जायचा. निदान गाव तसं म्हणायचं. आणि तिच्याच पोरांच्या खोलीत त्याने कांदा भरला होता. चारित्र्य म्हणतात ते हेच असेल, तर मी ते चुकीच्या दारात शोधत होते.

मी लगेच वही काढली. पण या खेपेला आधी बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. दुसरं पत्रक, एकच प्रश्न, मोठ्या खिळ्यांत. त्या तांदूळ निवडत होत्या.

"मंजूर खोली," त्या दोनदा म्हणाल्या. "मी तीन वर्षं अर्ज करतेय. हाच म्हणायचा, वरून आलं नाही अजून."

म्हणजे गाव बोलत होतं ते खरं होतं की नाही, हे मला त्या वाक्यानेही कळलं नाही. मीही विचारलं नाही.

"पत्रक लिहू?"

"तुझी पत्रकं राहू दे. मी चालत जाते."

निवडणूक तो जिंकला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी आशा लावून बसायला नको. पण त्या मंगळवारी सकाळी, मतदानाच्या आधी, बाई आणि आई चाळीस पोरं घेऊन बांधाबांधाने मळ्यात गेल्या. मीही मागून गेले. पोरांनी एकमेकांच्या सदऱ्याची टोकं धरली होती आणि 'एक होतं झाड' असलं काहीतरी बेसूर चाललं होतं. खोलीच्या खिडक्यांना कांद्याला हवा लागावी म्हणून दारंच ठेवली नव्हती, नुसती जाळी. मालकाने सकाळीच कुलूप काढून दिलं होतं, गडी आत कांदा हलवत होता. बाईंनी पोरांना दारासमोर ओळीत बसवलं, तक्ता जाळीला अडकवला आणि हजेरी घेतली. उन्हं चढायला लागली होती.

सरपंचाची बायको तिथल्याच घराच्या परसातून आली. तिने बाईंकडे बघितलं नाही. पोरांकडे बघितलं, गड्याकडे बघितलं. "लेकरं उन्हात हायेत, दिसत न्हाई व्हय रं? काढ त्यो कांदा भाईर."

"पन मालक..."

"मालक आलं की मी सांगते त्यांला."

मालक आले तेव्हा अर्धा कांदा अंगणात होता आणि पोरं त्यावर लोळत होती. बांधावर पंधरा-वीस माणसं जमली होती. सरपंच हसला. हे त्याला जमायचं. "मी तर म्हनतच हुतो," तो मोठ्याने म्हणाला, "गावाच्या लेकरांसाठी सोताच्या रानात जागा दिली." पुढे प्रचाराच्या शेवटच्या सभेत त्याने हेच वाक्य टाळ्या घेत म्हटलं. तिथल्या तिथे खिशातून किल्ली काढून त्याने समारंभ असल्यासारखी बाईंपुढे धरली.

बाईंनी ती घेतली. हात मात्र पुढेच ठेवला.

"दुसरी," त्या म्हणाल्या.

"दुसरी कशाला? एक माज्याकडं असू द्या. अडीअडचनीला."

"कुलपाला दोन किल्ल्या असतात. दोन्ही द्या. आता इथं तुम्हाला काही लागणार नाही."

पोरांचं झाड संपलं होतं. सगळे बघत होते. सरपंचाचं हसू तसंच होतं, फक्त त्यात जीव नव्हता. त्याने बायकोकडे बघितलं. ती कांदे निवडत होती. शेवटी त्याने मोटारसायकलच्या जुडग्यातून दुसरी किल्ली सोडवायला घेतली. कडी घट्ट होती, नख आत शिरेना. बाई हात पुढे करून उभ्या होत्या. बराच वेळ लागला. त्या तशाच थांबल्या.